पावती कुणाच्या नावानं फाटते?

(सायखेडा, ता. निफाड इथल्या युवक शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, फक्त थोडं नीट करून लिहिलंय.)



सकाळपासून इथं मोठमोठे विषय झाले. जातीअंत झाला, साहित्य झालं, आरक्षण झालं. माझा विषय पुकारला तेव्हा मागच्या रांगेत दोघंतिघं हसले, ते मी पाहिलं. बांधकाम परवानगीची फी! हा काय चळवळीचा विषय झाला? हा तर हाफिसातल्या टेबलावरचा विषय.

बरोबर आहे. टेबलावरचाच आहे. पण आपण मैदानात घोषणा देऊन दमून घरी जातो, तेव्हा आपल्या घराचं काय करायचं ते टेबलावरच ठरतं. तिथं काय चालतं हे आपल्याला कळू नये, ते किचकट वाटावं, कंटाळवाणं वाटावं, यातच पुष्कळांचं पोट आहे. म्हणून आज अर्धा तास कंटाळा सोसा.

मी नाशकात सहा वर्षं एका इंजिनियरच्या हाफिसात नकाशे काढले. आधी ट्रेसिंगवर, नंतर कॉम्प्युटरवर. बंगले काढले, अपार्टमेंटा काढल्या, मंगल कार्यालयं काढली. फायली बगलेत मारून नगररचनाच्या जिन्यावर चढलो-उतरलो. त्या सहा वर्षांत आपल्या वस्तीतल्या एका घराची फाईल माझ्या हाताखालून गेली नाही. एक नाही. आपल्या वस्त्यांत घरं बांधली जात नव्हती का? जात होती. सिमेंट येत होतं, पत्रे येत होते, पावसाच्या आधी भिंती उठत होत्या. मग आपल्या घरांची फाईल का नाही? आपण फी चुकवतो म्हणून? लोक तसंच समजतात. फुकटे, अतिक्रमणवाले. आज मला या फुकटेपणाचा हिशेब मांडायचाय.

आधी फी म्हणजे काय ते समजून घ्या. कर वेगळा, फी वेगळी. कर सरकार घेतं, बदल्यात तुम्हाला अमुकच दिलं पाहिजे असं त्याच्यावर बंधन नसतं. फी घेतली की बदल्यात काम करून द्यावं लागतं. सुप्रीम कोर्टानं हे १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात सांगितलं. हा शिरूर उडुपीकडचा, आपला पुण्याकडचा नव्हे. पुढच्या निकालांनी हे थोडं सैल केलं, रुपयाला रुपया जुळलाच पाहिजे असं राहिलं नाही. तरी घेतलेल्या फीचा दिलेल्या सेवेशी काही संबंध दिसावा, एवढं शिल्लक आहे. पुढं १९९२ साली अहमदाबादच्या नगरविकास प्राधिकरणाच्या खटल्यात कोर्ट म्हणालं, कायद्यात स्पष्ट लिहिलेलं नसेल तर विकासाच्या नावानं फी लावता येणार नाही. त्याच १९९२ साली महाराष्ट्रानं आपल्या १९६६ च्या नगररचना कायद्यात एक नवं प्रकरण घातलं आणि विकास शुल्काला कायद्याचा खांब दिला. म्हणजे आज महापालिका जे विकास शुल्क घेते ते कायदेशीर आहे. त्यातून जमणाऱ्या विकास निधीतून लोकांसाठी सोयी करायच्या आणि त्या भागाची सुधारणा करायची, असंही कायद्यातच आहे. हे शेवटचं वाक्य गाठीला बांधून ठेवा. शेवटी लागणार आहे.

आता बिल बघा. शहरात घर बांधायचं तर नकाशासोबत पहिल्यांदा छाननी शुल्क. म्हणजे तुमचा नकाशा तपासायची मजुरी. मग विकास शुल्क. मग काही ठिकाणी अनामत, काम नकाशाप्रमाणं केलं तर परत मिळणारी. मग बांधकाम कामगारांच्या कल्याणाचा उपकर, बांधकाम खर्चाच्या १ टक्का. नियमात बसत नसलेलं काही पाहिजे असेल, तर त्याचं अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम. हे सगळं भरलं की बांधकाम सुरू करायचा दाखला. जोत्यापर्यंत काम आलं की जोता तपासणी. घर पुरं झालं की भोगवटा दाखला. मुंबईत तर गंमत अशी, की वर्षानुवर्षं ज्या कागदावर बांधकामं उभी राहिली त्याचं इंग्रजी नावच नापसंतीची सूचना. नापसंती कळवतो, अटी पाळा आणि बांधा! साहेबाची पसंती म्हणजे काय चीज असते ते यावरनं समजा.

विकास शुल्काचा हिशेब करून दाखवतो, म्हणजे भीती जाईल. महापालिकेच्या हद्दीत राहत्या घराला जमिनीवर सरकारी दराच्या अर्धा टक्का आणि बांधकामावर त्याच जमिनीच्या दराच्या २ टक्के. सरकारी दर म्हणजे रेडी रेकनरमधला. समजा दर आहे चौरस मीटरला १०,००० रुपये. तुमचा तुकडा १०० मीटरचा, त्यावर ६० मीटर बांधकाम. जमिनीचे झाले ५,०००. बांधकामाचे १२,०००. मिळून १७,०००. दुकान असेल तर दर दुप्पट. एवढंच गणित आहे. चौथी पास पोरगं करील.

१७,००० रुपये आपल्या माणसाला जड आहेत. पण खोटं बोलू नका, आपला माणूस कर्ज काढून, बायकोची पोत मोडून ते भरील. माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. अडचण या १७,००० ची नाही. आपल्या माणसाला ते १७,००० भरायला खिडकीवर उभंच करत नाहीत.

का? कारण अर्जातला पहिला रकाना मालकीचा.

२०२० च्या डिसेंबरात राज्यानं सगळीकडं एकच बांधकाम नियमावली आणली, मुंबईसारखे काही भाग सोडून. तिच्यात लहान घरांसाठी चांगली सोय केलीय असं सांगतात. १५० चौरस मीटरपर्यंतचा तुकडा असला तर परवानगीची वाट बघायची गरज नाही. मालकीचा कागद द्या, आराखडा द्या, परवानाधारक इंजिनियरचा दाखला द्या, फी भरल्याची पावती द्या आणि काम सुरू करा. १५० ते ३०० मीटरला १० दिवसांत निकाल. कानाला गोड लागतं. पण यादी परत वाचा. पहिलं काय? मालकीचा कागद. तो एक नसला की खालची सगळी यादी तुमच्यासाठी नाही. आणि अजून एक बघा. लहान घराला सरकार आता तपासणी करत नाही, इंजिनियरच्या सहीवर सोडून देतं. फी मात्र ठेवली आहे. तपासायची मजुरी घेतात, तपासत नाहीत. १९५४ च्या निकालाला हे विचारलं पाहिजे.

मालकीचा कागद आपल्याकडं का नाही? आपण हरवला का? आपण गावकुसाबाहेर राहिलो ते काय हौसेनं? गावठाण मोजलं तेव्हा जरीप कुठं थांबली ते बघा. वरच्या आळीत वाडे होते, तिथं हद्दी पडल्या, नावं लागली. आपल्याकडं वस्ती म्हणून एकच गोळा धरला. कुणी गायरानात, कुणी ओढ्याच्या कडेला, कुणी मालकाच्या बांधाला. पंचायतीच्या नमुना ८ ला नाव आहे, घरपट्टी वर्षानुवर्षं भरतोय, लाईट बिल आहे. अर्ज केला की साहेब म्हणतो, नमुना ८ हा मालकीचा पुरावा नव्हे. घरपट्टी घेताना तो पुरावा होता. परवानगी देताना तो रद्दी होतो.

ज्यांच्याकडं जमीन होती त्यांचं ऐका. महार वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. गेली ते बरंच झालं, ती गुलामीची भाकर होती. जमिनी परत मिळाल्या, पण कब्जेहक्काची रक्कम भरून आणि नव्या शर्तीवर. आज त्या जमिनीवर घर बांधायला, ती बिगरशेती करायला जायचं तर कलेक्टरची परवानगी आणि वर नजराणा. बाजारभावाच्या निम्म्यापर्यंत जातो तो. नजराणा! शब्द बघा. राजे गेले, पेशवे गेले, साहेब गेले, आपल्यासाठी नजराणा ठेवून गेले.

आता दुसऱ्या बाजूला चला, नाशकात. इथनं तासाभराचा रस्ता. कपाटाचं प्रकरण ऐकलंय का कुणी? आपल्यातल्या गवंड्यांनी ऐकलं असेल. नियमात कपाटाच्या जागेला सवलत होती, ती चटई क्षेत्रात मोजत नव्हते. बांधणाऱ्यांनी काय केलं, नकाशावर कपाट दाखवलं आणि प्रत्यक्षात भिंत सरकवून ती जागा खोलीत घेतली. खोली मोठी झाली, खोली म्हणूनच विकली. दहाएक वर्षांमागं महापालिकेनं ते पकडलं आणि भोगवटा दाखले थांबवले. शेकड्यांनी इमारती अडकल्या. मग काय झालं? जेसीबी गेला का? नाही. बैठका झाल्या. मंत्रालयात फायली गेल्या. नवीन नियमावली आली. २०१७ साली अनधिकृत बांधकाम तडजोड करून नियमित करायचे नियम आले. अरुंद रस्त्यावरच्या इमारतींना जादा चटई क्षेत्र मिळत नव्हतं, तर ६ आणि साडेसात मीटरचे रस्ते ९ मीटर धरायचा मार्ग कायद्याच्या कलमातून शोधला. भावांनो, कपाटासाठी रस्ता रुंद करायची तयारी झाली!

त्या इमारतींत राहणाऱ्या माणसांचा मला राग नाही. त्यांनी पैसे मोजून घर घेतलं, ते फसले. त्यांची सुटका व्हायलाच पाहिजे होती. पण मला यातून एक शिकायला मिळालं. मोडलेला नियम जोडता येतो. पैसे भरून, दंड भरून, मुदत देऊन. राज्याकडं त्यासाठी शब्द आहे, कलम आहे, अर्जाचा नमुना आहे. मग हे औषध आपल्या झोपडीला का लागू पडत नाही?

जादा चटई क्षेत्र विकत मिळतं, हेही माहीत करून घ्या. नव्या नियमावलीत प्रीमियमचा दर आहे जमिनीच्या सरकारी दराच्या ३५ टक्के. मघाचं उदाहरण घ्या. १०,००० ची जमीन, तिच्यावर एक मीटर जादा बांधायचा हक्क ३,५०० ला. बांधणारा तो घेतो आणि पूर्ण भावानं विकतो. वतनाच्या जमिनीला निम्मा नजराणा आणि त्याला ३५ टक्के. त्यातही करोनाचं निमित्त झालं. २०२१ च्या जानेवारीत सरकारनं बांधकाम व्यवसायाचे प्रीमियम वर्षअखेरपर्यंत निम्मे केले. अट एवढी, की घेणाऱ्याचं मुद्रांक शुल्क बांधणाऱ्यानं भरायचं. धंदा बसला होता, म्हणून सवलत. त्याच करोनात आपली माणसं मुंबईहून, पुण्याहून चालत गावी आली. त्यांच्या घराची कुठली फी निम्मी केली? करणार कशी? आपण फीच्या वहीतच नाही. वहीत नसलेल्याला सवलत देता येत नाही. त्याला फक्त नोटीस देता येते.

नोटीस तर येतेच. २०२२ च्या ऑक्टोबरात मुंबई हायकोर्टानं गायरानावरची अतिक्रमणं वर्षअखेरपर्यंत काढायचा आदेश दिला. सरकारनं कोर्टात आकडा दिला होता, २ लाख २२ हजारांच्या वर बांधकामं. राज्यभर वस्त्या हादरल्या. गावोगाव मोर्चे निघाले. त्या आकड्यात धनदांडग्यांची गोदामं होती आणि आपल्या आयाबायांच्या चुलीपण होत्या. कागदावर दोन्हीचं नाव एकच, अतिक्रमण. सुप्रीम कोर्टानं २०११ साली जगपाल सिंग खटल्यात गावची जमीन मोकळी करा म्हणून सांगितलं, पण त्याच निकालात अपवाद ठेवला. भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारनं रीतसर पट्टा दिला असेल तर ते नियमित करता येईल. म्हणजे परत कागद. आपल्या राज्यातही १ जानेवारी २०११ पूर्वीची राहती घरं नियमित करायचा निर्णय २०१८ साली निघाला. किती गावांत ग्रामसभेत तो वाचून दाखवला? तुमच्या गावात वाचला का, जाऊन विचारा.

आता या मातीवर येतो. सायखेड्याला फीचं गणित सांगायची गरज नाही, पाण्याचं सांगितलं तर लवकर कळेल. २०१६ च्या ऑगस्टात आणि परत २०१९ च्या ऑगस्टात गोदावरी सायखेड्यात शिरली, पलीकडं चांदोरीत शिरली. खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा, वर धरणांचं सोडलेलं पाणी, मधी आपण. ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांनी हात वर करा म्हटलं तर अर्धा मांडव हात वर करील.

नदीकाठाला नियमावलीत दोन रेघा आहेत. निळी रेघ म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल रेघ १०० वर्षांतल्या पुराची. नदी आणि निळी रेघ यांच्यामध्ये नवीन बांधकाम नाही. निळ्या-लाल रेघांच्या मध्ये बांधायचं तर जोता लाल रेघेच्या पातळीपेक्षा निदान अर्ध्या मीटरच्या आसपास वर पाहिजे. नियम चांगला आहे. माणूस मरू नये म्हणून केलाय. पण त्यात एक शब्द आहे. निळ्या रेघेच्या आत जे घर आधीपासून अधिकृत आहे, त्याला जोता उंच करून परत बांधता येतं. अधिकृत! म्हणजे पूर आला, दोन घरं पडली, एक कागदवाल्याचं, एक बिनकागदवाल्याचं. पाणी दोघांच्या घरात सारखंच चढलं. पहिल्याला उंच जोत्यावर घर बांधायचा हक्क. दुसऱ्याला तोही नाही, आणि दुसरी जागापण नाही. मग तो काय करतो? त्याच जागेवर, त्याच पातळीवर, तेच पत्रे परत उभे करतो. कुणी जोता बघायला येत नाही, कुणी सांगत नाही की बाबा, दोन फूट वर घे. पुढच्या पुराची वाट बघत तो झोपतो. फीचा प्रश्न जिवावर येतो तो असा.

इथं आपल्यातलाच एखादा तडफदार पोरगा म्हणेल, कशाला परवानग्या मागता? जमीन आपल्या बापजाद्यांची. परवानगी मागणं म्हणजे लाचारी. फाडा ते नियम. त्याचा राग मला कळतो. पण मी त्याला ४ एप्रिल २०१३ ची आठवण देतो. मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळली. ७४ माणसं मेली. काही महिन्यांत मजल्यावर मजले चढवले होते. मेलेले कोण? तिथं स्वस्तात राहायला आलेले गरीब, तिथंच काम करणारे मजूर, त्यांची लेकरं. महापालिकेचे अधिकारी, नगरसेवक, पोलीस अटक झाले, लाच घेतल्याचे आरोप लागले. म्हणजे त्या इमारतीला फी नव्हती असं समजू नका. आरोप खरे धरले तर तिथं फी होती, मजल्यामजल्याला होती. फक्त पावती नव्हती. आणि पावती नसलेल्या फीच्या बदल्यात कुणी पाया तपासत नाही.

तपासणी ही आपली गरज आहे. बंगलेवाल्याकडं स्वतःचा इंजिनियर असतो. आपल्याकडं कोण आहे? वाळू किती, सिमेंट किती, सळई कुठल्या मापाची, हे आपला गवंडी अनुभवानं करतो, आणि तो दुसऱ्यांचे बंगले उभे करून दमून आल्यावर रात्री आपलं घर बांधतो. त्याच्या कामावर शिकलेल्या माणसाची एक नजर पडली पाहिजे. ती नजर म्हणजेच फीचा मोबदला. म्हणून मी म्हणतो, फी मोडू नका. फीच्या बदल्यातलं काम वसूल करा.

आणि आपण फुकटे आहोत का, याचा हिशेब राहिला. नोटीस आली की मधल्या माणसाला द्यावे लागतात. अतिक्रमणाची गाडी आली की द्यावे लागतात. नळ जोडायला, मीटर बसवायला, घरकुलाच्या यादीत नाव सरकवायला द्यावे लागतात. पुरात भिंत पडली की परत पूर्ण खर्च. दहा-पंधरा वर्षांचं हे सगळं एका कागदावर लिहा. माझ्या माहितीतल्या एका माणसानं लिहिलं. बेरीज करताना त्यानं मधेच पेन ठेवलं. परवानगीची रीतसर फी त्याच्या कितीतरी आत भागली असती. तो फुकटा नव्हता. तो सगळ्यात महागडी फी भरत होता, आणि त्याच्याकडं एकही पावती नव्हती.

उपकराचंही तसंच. १९९६ च्या कायद्यानं प्रत्येक मोठ्या बांधकामावर १ टक्का घ्यायचा, तो बांधकाम मजुरांच्या कल्याणाला. म्हणजे तुमच्या-माझ्या भावांना. पैसे गोळा झाले, देशभर हजारो कोटी पडून राहिले. काही ठिकाणी त्यातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशिनं घेतल्याचं सुप्रीम कोर्टासमोर आलं आणि २०१८ साली कोर्टानं सरकारांना झापलं. विटा वाहणाऱ्या बाईला वॉशिंग मशीन! तिच्या घरात नळ नाही. फी जमा होते, ती कुठं जाते हे बघणारा डोळा नसला की असं होतं.

आपल्या चळवळीला हे नवीन नाही. महाडचं तळं नगरपालिकेचं होतं. १९२४ साली नगरपालिकेनं ते सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला. कागद झाला. पाणी मिळालं का? १९२७ च्या मार्चात बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले, आणि ऑगस्टात नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला. मग कोर्ट. १९३७ साली हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं. बाबासाहेबांनी तळ्यावर पाऊल टाकलं आणि त्याच वेळी दहा वर्षं कागदही लढला. दोन्ही केलं. आणि आपल्या नाशिक जिल्ह्याचे, दिंडोरीकडच्या आंब्याचे दादासाहेब गायकवाड. त्यांनी १९५९ साली आणि परत १९६४-६५ साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला. हजारोंनी तुरुंग भरले. मागणी काय होती? पडीक जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा. नावावर! त्यांना माहीत होतं, नांगर चालवणं पुरत नाही, सातबाऱ्यावर नाव लागतं. त्यांनी शेताचं नाव मागितलं. आता घराच्या नावाची लढाई आपल्याकडं आली आहे.

मग करायचं काय? भाषण ऐकून टाळ्या वाजवून जाऊ नका. काम सांगतो.

एक. प्रत्येकानं आपल्या वस्तीतल्या दहा घरांची फाईल करायची. नमुना ८ चा उतारा, घरपट्टीच्या जुन्यात जुन्या पावत्या, लाईट बिल, मतदार यादीतलं नाव, घराचा फोटो, हातानं काढलेला नकाशा चारी बाजूंच्या मापांसह. पुरात भिजलेले कागद वाळवा, नक्कल मागा. ज्या गावात ड्रोननं गावठाण मोजलंय तिथं मिळकत पत्रिका निघाली का, आपली वस्ती त्या हद्दीत धरली का, ते तपासा. धरली नसेल तर हरकत घ्या, तोंडी नको, लेखी.

दोन. घर नियमित करा आणि बांधकामाची परवानगी द्या, असा अर्ज द्या आणि त्यात एक वाक्य लिहा: फी किती होते ते लेखी कळवा, आम्ही भरायला तयार आहोत. या वाक्याची ताकद ओळखा. भीक मागणारा हे लिहीत नाही. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नाही म्हणाले तर का नाही ते लेखी मागा. १९६६ च्या कायद्यात ६० दिवसांत निर्णय न कळवला तर परवानगी मिळाल्याचं मानतात, पण नकाशा नियमात बसत असेल तरच. त्याच्या भरवशावर भिंत चढवू नका. ते कलम दाखवून उत्तर मात्र मागा.

तीन. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं हाफिसानं कुठली सेवा, किती दिवसांत आणि किती फीत, याचा फलक लावला पाहिजे. फलक नसेल तर तक्रार करा. मुदत चुकवणाऱ्याला ५०० ते ५,००० दंड आहे. पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. मागणाऱ्याला मोठ्यानं विचारा, पावती कुणाच्या नावानं फाडणार?

चार. माहितीचा अधिकार, २००५ चा. १० रुपयांत अर्ज. दारिद्र्यरेषेखालच्याला तेही नाहीत. तुमच्या जवळच्या नगरपालिकेला, महापालिकेला विचारा: विकास शुल्कापोटी पाच वर्षांत किती जमा झाले, आणि त्यातले आमच्या वस्तीत किती खर्च केले? मघा गाठीला बांधायला सांगितलेलं वाक्य इथं सोडा. निधी सोयींसाठी आहे. कुणाच्या सोयींसाठी, ते आकड्यात दिसू दे.

पाच. आणि हे माझ्यासारख्यांसाठी. आपली पोरं आता आयटीआय करतात, सिव्हिलचा डिप्लोमा करतात, डिग्री करतात. नोकरी करा, पोट भरा. पण महिन्यातला एक रविवार वस्तीला द्या. घर मोजा, नकाशा काढा, पुराची खूण भिंतीवर कुठपर्यंत आहे ती टेपनं मोजून लिहा आणि जोता किती वर घ्यायचा ते गवंड्याला सांगा. सरकार तपासायला येईल तेव्हा येईल. पुढचा ऑगस्ट थांबणार नाही.

आणि चळवळ म्हणून आपली मागणी एका वाक्यात. लहान घराची फी नाममात्र करा आणि तपासणी पुरी करा. राहत्या घराला कागद द्या. पुराच्या रेघेत राहणाऱ्याला आधी वरची जागा द्या, मगच हलवा. कपाटासाठी कलम सापडतं, तर चुलीसाठीही सापडलं पाहिजे.

माझं संपलं. बाहेर टेबलावर को-या फायली ठेवल्यात आणि एक मोजमापाची टेप आहे. जेवण झाल्यावर खालच्या वस्तीत जायचंय. ज्यांना यायचं त्यांनी नाव लिहा.

जयभीम.